उजवीकडे खणखणीत, डावीकडे बद्द

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा आहे, पण गुडघे आता तेवढं वाकत नाहीत. तेव्हा वाकलो असं समज.

आधी तक्रार. गेल्या महिन्यात मी तुला अकरा वेळा फोन केला. घंटी वाजून वाजून दमते, तू उचलत नाहीस. एकदाच उचललास. मी विचारलं, "ताई, कशी आहेस?" तू म्हणालीस, "हो, हो, कालच येऊन गेला," आणि ठेवून दिलास. कोण येऊन गेला, हे मी अजून शोधतोय. म्हणून पत्र. पोस्टमन तरी दार वाजवेलच.

आता बातमी. गावच्या समितीचं छापील निमंत्रण आलंय. 'आमचं गाव, पुन्हा एकदा'. खाणीला शंभर वर्षं झाली म्हणे. २५ ऑक्टोबरला मेळा. मला 'गावाचे यशस्वी सुपुत्र' असं छापलंय. बायको असती तर आठवडाभर पुरेल एवढी थट्टा झाली असती. हातगाडीवरून काच वाहणारा पोऱ्या आरशांच्या दुकानाचा मालक झाला, एवढंच माझं यश. शिवाय 'हातच्या काकणाला आरसा कशाला' म्हणणाऱ्या भाषेत आरसे विकायचे म्हणजे गंमत नाही.

निमंत्रणात गावाचा इतिहास चार ओळींत उरकलाय. 'येथील दगडी पाट्या देशभरच्या शाळांत जात. पुढे वह्या आल्या. पाट्या गेल्या. खाण बंद पडली.' झालं! तीन पाळ्या कुठे गेल्या? दोन सिनेमागृहं कुठे गेली? शिंप्याकडे कपडे टाकायला नंबर लागायचे, फोटोवाल्याकडे माणसं दोन्ही हातांत घड्याळं घालून बसायची. आणि करवतीवरचा तो माणूस, ज्यानं लोकरीचा कोट शिवला आणि भर उन्हाळ्यातही काढला नाही? आपण त्याला कोटवाला म्हणायचो. जिवंत आहे का?

आणि तू. खाणीतून दगड आला, करवतखान्यात कापला गेला, पाटी झाली, तरी ती तुझ्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही. पाच बोटांच्या टोकांवर पाटी तोलायची, दुसऱ्या हातानं एक टिचकी. खणखणीत वाजली तर उजवीकडे. आत तडा असेल तर बद्द वाजायची, ती डावीकडे. मी तुझ्या टेबलाखाली बसून आवाजावरूनच सांगायचो, उजवी की डावी. त्याच कानांवर मी काचेचा धंदा केला. आजही माल उतरताना पेटी न उघडता सांगतो, आत किती फुटलंय ते.

आता ते कान नको तेवढे चालतात. इथे बसून लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते मला कळतं. आमच्या मजल्यावर क्वचितच थांबते.

तर मेळ्याला येऊ ना? आलो तर तुझ्याकडेच उतरेन. आठ-पंधरा दिवस. कळव.

तुझा,
धाकटा


ता. १२ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काय दरवेळी लिहायचे.

फोन बिघडलाय. आत खरखर येते. दुरुस्तीवाला तालुक्याहून येतो, म्हणजे येत नाही.

कोटवाला जिवंत आहे. कोटही जिवंत आहे. बायको गेली, मुलं गेली परगावी. सकाळी बंद फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसतो. आम्ही एकमेकांना मान हलवतो नि पुढे जातो.

समितीतला शाळामास्तर माझ्याकडे येऊन गेला. चांगला आहे, पण मिशीत बोलतो. जुन्या गोदामात पन्नास पाट्या सापडल्यात. मेळ्यात मला मंचावर बसवणार आणि पूर्वीसारख्या पाट्या वाजवून निवडायला लावणार. कागदावर माझं नाव लिहून आणलं होतं, वर 'प्रमुख निवडकार' असं. आमच्या वेळी आम्हाला 'ए टिचकीवाल्या' म्हणायचे.

येऊ नकोस. तुझी खोली गळते. खाट मोडलीय. मला माणसाचं करणं होत नाही आता. पाहुण्यांची सोय शाळेत केलीय, पण तिथं फरशीवर झोपावं लागेल, नि तुझे गुडघे तूच लिहिलेस. जुना फोटो असेल तर पाठव.

ताई


ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,

फोटो पाठवतोय. फोटो येऊ शकतो, मी नाही, एवढं समजलं.

खाट मोडली असेल तर मी खाट घेऊन येतो म्हणालो असतो, पण मग तू म्हणशील दार मोडलंय. तुझ्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, हे मला तेराव्या वर्षापासून माहीत आहे.

आज लिहूनच टाकतो. आई गेली, बाबा गेले, तू मला वाढवलंस. मी शाळा सोडली, मुकादमाच्या हातापाया पडलो आणि करवतखान्यात काम मिळवलं. केवढा उड्या मारत घरी आलो होतो! आता दोघंही कमावणार. दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरलेली. बसमध्ये बसवलंस आणि म्हणालीस, "तुझं इथं काही काम नाही." गावात तेव्हा कुत्र्यालासुद्धा काम मिळत होतं, ताई. फक्त मलाच नव्हतं.

त्या एका वाक्याच्या रागावर मी दुकान उभं केलं. आता राग उरला नाही. दुकान मुलगा तिकडे लांब बसून फोनवरून चालवतो. मी गल्ल्याशेजारी शोभेला असतो.

आणखी एक. बायको गेली त्या दुपारी पहिला फोन मी तुला केला होता. मी म्हटलं, "ताई, ही गेली." तू म्हणालीस, "बरं, बरं. छान. जेवलास का?" पुढे तुझं पत्र आलं, चांगलं आलं. पण ते 'छान' अजून कानात आहे. माझ्या कानातून काही जात नाही, हीच तर अडचण.

मास्तरांना मी फोन केला होता. रागावू नकोस. ते म्हणाले, "बाई फार शांत आहेत. आपण बोलतो ते सगळं ऐकून घेतात, हसून मान हलवतात." शांत? तू? ज्या बाईनं आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, ती मान हलवते? तुझी तब्येत ठीक नाही का? की गावातल्या सगळ्यांशीच अबोला धरलाय?

सोबत नवा फोन पाठवतोय. याची घंटी मेलेल्याला उठवेल.

धाकटा


ता. ३० ऑगस्ट

धाकट्या,

माझी चौकशी परक्या माणसाकडे करायची नाही. मी अजून मेले नाही. तुझा फोन परत पाठवलाय, कुणालातरी उठवायला ठेव.

माझी तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे. काल शाळेत तालीम झाली. दहा पाट्या निवडल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोटवालाही आला होता, पहिल्या बाकावर. गावात पस्तीस वर्षांनी रंगाचा डबा उघडलाय. फाटकाला निळा रंग देतायत. मंचावर माझी खुर्ची मधोमध आहे. किती वर्षांनी कुणी माझ्या दारात काम मागायला नाही, काम द्यायला आलं. ते मला नीट पार पाडू दे.

तू येऊ नकोस. तुला काय समजायचं ते समज.

तुझ्या बायकोबद्दल लिहिलंस ते वाचलं.

ताई


ता. २७ सप्टेंबर

ती. ताईस,

महिनाभर लिहिलं नाही. आधी रुसलो होतो, मग तापानं पडलो. आठ दिवसांत दुधवाल्याखेरीज कुणाशी बोलणं नाही. तोही म्हणतो, "एक की दोन?" मी म्हणतो, "एक." संपलं संभाषण.

पडल्या पडल्या मास्तरांनी फोनवर पाठवलेलं तालमीचं चित्रण पाहिलं. म्हणजे एकदा पाहिलं. नंतर डोळे मिटून ऐकलं, टेबलाखाली बसून ऐकायचो तसं.

ताई, चौथी पाटी बद्द वाजली. तू उजवीकडे ठेवलीस. सातवी तर एवढी फुटकी होती की तिला पाटी म्हणणंही धाडसाचं. तीही उजवीकडे. नववी चांगली खणखणीत, ती डावीकडे गेली. तू तीन चुका केल्यास आणि समितीतल्या एकालाही कळलं नाही. त्यांनी आयुष्यात पाटी वाजवली नाही, त्यांना तुझ्या हाताचा डौल तेवढा दिसला. डौल अजून तोच आहे, खरं सांगतो.

मग मी पुन्हा ऐकलं. मास्तर विचारतात, "बाई, पाणी आणू?" तू म्हणतेस, "हो, सहा करवती होत्या."

मी उठून बसलो. अकरा फोन, ते 'कालच येऊन गेला', तुझं मान हलवणं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आणि ते 'छान'. काच ऐकून तडा सांगणारा मी, आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत तीन वर्षं रागावून बसलो.

कधीपासून, ताई?

धाकटा


ता. ५ ऑक्टोबर

धाकट्या,

तू ऐकशील हे मला माहीत होतं. म्हणून तर येऊ नको म्हणत होते. तू दारात उभा राहिला असतास नि तिसऱ्या वाक्याला मला पकडलं असतंस.

कान एकदम जात नाहीत. आधी पाखरं गेली. मग बायकांचं बोलणं, मग दारावरची थाप. पोस्टमन आता खिडकीतून काठी हलवतो. तुझा आवाज जाडाभरडा, तो बराच टिकला. चार वर्षांपूर्वी तोही गेला. फोन हाताला थरथरताना लागला तर उचलायचे. तू बोलायचास, मी मनात दहापर्यंत आकडे म्हणायचे, मग "बरं, बरं" म्हणायचे, मग जेवलास का ते विचारायचे. त्या दुपारीही तसंच केलं असणार. ती गेल्याचं मला आठव्या दिवशी तुझ्या मुलाच्या पत्रानं कळलं. त्याआधी तू सांगितलं होतंस, हे तुझ्या ऑगस्टच्या पत्रात वाचलं. तीन दिवस मी चूल पेटवली नाही. उत्तर काय लिहिणार होते?

आता बसचं ऐक. मागणी वाढली तेव्हा आमची निवडीची खोली पेट्या भरायला घेतली आणि टेबलं करवतखान्यात हलवली. शेजारी सहा करवती, दिवसभर. तुला टेबलाखाली बसायला तेव्हापासूनच बंदी केली, आठवतं? तू म्हणायचास, मी मोठी साहेबीण झाले. चोविसाव्या वर्षीच माझ्या कानात किडा ओरडायला लागला. सगळ्यांच्याच ओरडायचा. पण कुणी बोलायचं नाही. निवडणारीला ऐकू येत नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसरी. करवतवाल्यालाही तसंच. सगळे धडधाकट असल्यासारखे हसायचे.

कोटवाल्याचंही सांगते, एवढं आलंच आहे तर. एकदा करवतीजवळ उभा राहून त्यानं मला विचारलं, लग्न करशील का. मी ओठांवरून ओळखलं. मी हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसावं, हे फार पुढे उमगलं. तो थोडा वेळ थांबला, मग मान खाली घालून कामाला लागला. मला वाटलं, ऐकून गप्प बसला. आता मुलगी काय दोनदा हो म्हणते? पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, मी अहेर दिला.

आणि त्यानंतर तू उड्या मारत आलास की मुकादमानं तुला करवतीवर घेतलं. सगळ्या घरात तेवढे एक कान धड होते. तुला खरं सांगितलं असतं तर तू गेला असतास? म्हणाला असतास, कानात कापूस घालतो, ताई. तेरा वर्षांचं पोर कान सांभाळायला घर सोडत नाही. हाकललं तर सोडतं. म्हणून हाकललं. तू बसमधून मागं बघितलं नाहीस. मी वळणापर्यंत बघत होते.

आता मास्तरला सांगू नकोस. मी पाट्या वजनावर नि रंगावर निवडेन, थोड्या चुकतील. पण मंचावरून उतरवलं तर मी पुन्हा कट्ट्यावरून मान हलवत जाणारी म्हातारी. त्या दिवशी तरी येऊ नकोस. तू समोर बसलास की मी पाट्या सोडून तुझ्या तोंडाकडेच बघत राहीन.

ताई


ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवलं नाही.

येत नाही. मास्तरांना सांगत नाही. तू म्हणशील तसं.

बसमधून मागं बघितलं नाही, कारण मला वाटलं तू लगेच परत गेली असशील. वळून बघितलं असतं आणि थांबा रिकामा दिसला असता, तर मी काय केलं असतं?

धाकटा


ता. २ नोव्हेंबर

धाकट्या,

तू इतका आज्ञाधारक कधीपासून झालास? मी येऊ नको म्हटलं आणि तू खरंच आला नाहीस. मंचावर चढल्यापासून मी मागच्या ओळी धुंडाळत होते. प्रत्येक टक्कल तुझं वाटत होतं.

मेळा झाला. आठशे माणसं होती असं मास्तर म्हणतो. बाहेर गेलेल्यांची मुलं, नातवंडं, मोटारी. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. पहिल्या दोन ओळी आम्हा जुन्यांच्या, करवतखान्यातल्या. पाहुणे बोलायला उठले. मला अर्थातच काही कळत नव्हतं, म्हणून मी आपली पहिल्या ओळीकडे बघत होते. ते हसले की हसायचं, त्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायच्या.

आणि बघते तर ते सगळे माझ्याकडे बघतायत! मी जरा हसले की अख्खी ओळ हसते. पाहुण्यांना मध्येच ठसका लागला, ते पाणी प्यायला थांबले, तर कोटवाल्यानं जोरात टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग सगळ्या म्हाताऱ्यांनी. मागची तरुण माणसं चकित. पाहुणे तर भलतेच खूश.

तेव्हा मला कळलं, धाकट्या. कानातला किडा सगळ्यांचाच, हे ठाऊक होतं; पण आता एकालाही ऐकू येत नाही. गेली वीस वर्षं आम्ही रस्त्यात एकमेकांना मान हलवून पुढे जातोय. मला वाटायचं, मला बोलणं टाळायचंय. तेही टाळतच होते. मी त्यांना शिष्ट म्हणायचे, ते मला म्हणत असतील.

माझी पाळी आली. पन्नास पाट्या पुढे ठेवल्या. पहिली बोटांवर घेतली, टिचकी मारली. आणि मला ते खोटं पुढे रेटवेना. पाटी खाली ठेवली नि मोठ्यानं म्हणाले, "मला ऐकू येत नाही. करवतींनी नेलं. आणखी कुणाला येत नसेल त्यानं हात वर करा."

एकही हात वर आला नाही. कसा येणार? ऐकू आलं तर ना!

मागे कुणी हसलं नाही, निदान मला तसं दिसलं नाही. मास्तरचा चेहरा पडला होता, पण माणूस हुशार. त्यानं मंचावरच्या मोठ्या फळ्यावर माझं वाक्य खडूनं लिहिलं आणि फळा पहिल्या ओळीपुढे धरला. ती माणसं वाचत होती. मग कोटाची एक बाही वर आली. मग सगळे मिळून सतरा हात. मी मोजले.

पाट्या मीच निवडल्या. मी टिचकी मारायची, मागच्या तरुणांनी ओरडायचं, मी ओठ बघायचे. पहिल्या पाच-सात त्यांच्या चुकल्या असणार, एकमेकांशी भांडत होते. नंतर सगळ्यांचे ओठ एकसारखे हलायला लागले. एकोणतीस चांगल्या निघाल्या, एकवीस फुटक्या. तू असतास तर खरं काय ते कळलं असतं.

नंतर कोटवाला आला. फळ्याशेजारचा खडू उचलून त्यानं लिहिलं, "तेव्हा तू काय म्हणाली होतीस?" मी त्याच्या हातातून खडू घेतला नि लिहिलं, "आता काय करायचंय?" तो हसला. मीही. खरं लिहायला हवं होतं का रे? हात उचलला होता मी.

संध्याकाळपर्यंत मोटारी गेल्या. खुर्च्या उचलल्या. निळं फाटक आता उगीच चमकतं. समिती म्हणते दरवर्षी करू. बघू. एवढं मात्र झालं की आम्ही अठराजण आता कट्ट्यावर बसतो, मध्ये एक फळा असतो नि प्रत्येकाला पहिला खडू हवा असतो. पण चार वाजले की सगळे आपापल्या घरी जातात, मीही येते. घरात फळा घेऊन काय करू?

मी तुला कधी ये म्हटलं नाही. आता म्हणते. मुक्कामाला म्हणत नाही. राहायला ये. मी बोलेन ते तुला ऐकू येईल, तू बोलशील ते मला येणार नाही. तसंही मी तुला बोलू कधी दिलं होतं?

ताई


ता. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,

दुकानाची किल्ली मुलाच्या माणसाकडे दिली. त्यानं विचारलं, "कधी परत?" मी सांगितलं, अजून ठरवलेलं नाही. त्यानं मान हलवली. मला वाटतं, तोही ऐकत नव्हता.

काल रिकाम्या घरात उगाच मोठ्यानं "ताई" म्हणून बघितलं. चार दिवसांत या घरात कुणी काही बोललं नव्हतं. आवाज बरा निघाला, अजून जाडाभरडाच आहे. तुझ्या उपयोगाचा नाही, पण तिकडे आल्यावर मी म्हणत राहीन. सवय जाऊ द्यायची नाही.

खाट, फळा आणि खडूंची दोन खोकी आधीच ट्रकनं पाठवलीत. मी मंगळवारी निघतो. बुधवारी दुपारी तीनची बस.

थांब्यावर ये. या वेळी मी खिडकीतूनच बघणार आहे.

धाकटा